गावाचं नाव नसलेला शिक्का

टपाल-तिकिटांच्या प्रदर्शनात जहाजांच्या पाकिटांसमोर थबकलेला माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला मोठ्याने : "जहाजावर पोस्ट ऑफिस असतं का हो?" दुसरा जरा आवाज खाली आणून : "आणि ही वापरलेली पाकिटं लोक पैसे देऊन घेतात?" दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या पोटात आहे, म्हणून आधी जहाजावर जाऊ.

१. तरंगतं गाव आणि त्याचा पत्ता

अमेरिकेच्या निमिट्झ वर्गातली विमानवाहू नौका साधारण ३३३ मीटर लांब असते. तिच्यावर, विमानांची तुकडी धरून, पाच हजारांच्या आसपास माणसं राहतात. एवढी वस्ती म्हटल्यावर न्हावी आला, धोबी आला, दवाखाना आला, दाताचा डॉक्टरही आला. मग पोस्ट तेवढं कसं नसेल? एक खिडकी, मागे पत्रं लावायचे कप्पे, वजनकाटा आणि टेबलावर शिक्का, शाईची गादी. खिडकीमागचा कारकून नौदलाचाच माणूस. टपालाचं काम शिकवून त्याला तिथे बसवलेलं असतं.

ही सोय पूर्वीपासूनची नाही. २७ मे १९०८ रोजी अमेरिकी संसदेने कायदा केला आणि युद्धनौकांवर टपाल-कारकून नेमायला परवानगी दिली. त्याच वर्षी पहिली जहाजी पोस्टं उघडली. त्याआधी खलाशांची पत्रं पोत्यात भरून ठेवायची, पुढचं बंदर आलं की तिथल्या पोस्टात टाकायची. शिक्का अर्थातच त्या बंदराचा बसायचा आणि पाकिटावर जहाजाची काही खूण उरायची नाही.

आता पत्त्याचं काय? जहाज आज इथे, आठवड्याने हजार मैलांवर. धनगराला पत्र घालायचं तर कुठल्या गावाचं नाव लिहिणार? त्याच्या वाड्याचं नाव लिहायचं आणि तो वाडा सध्या कुठल्या माळावर उतरलाय हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती द्यायचं. नौदलाने अगदी हेच केलं. पत्त्यात माणसाचं नाव, जहाजाचं नाव आणि पुढे 'फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को' किंवा 'न्यूयॉर्क'. जहाज कुठे आहे हे त्या कचेरीला कळत असे. पत्र पाठवणाऱ्या आईला कळायची गरज नव्हती, आणि युद्धात तर ते कळू द्यायचंच नसे. आपल्याकडेही नौसैनिकाला पत्र घालताना जहाजाच्या नावापुढे 'फ्लीट मेल ऑफिस' आणि मुंबई, कोची किंवा विशाखापट्टणम असं लिहितात, ते याच कारणाने.

पोती जहाजापर्यंत पोचतात कशी? बंदरात असलं तर प्रश्न नाही. भर समुद्रात कधी शेजारून चालणाऱ्या पुरवठा-जहाजावरून दोरावरून सरकत येतात, कधी हेलिकॉप्टरखाली लटकत. विमानवाहू नौकेचं भाग्य असं की तिच्याकडे स्वतःची धावपट्टी आहे. सी-२ ग्रेहाउंड नावाचं दोन पंख्यांचं पोटाळं विमान कित्येक दशकं डेकवर उतरत आलं. शेपटीकडचा आकडा आडव्या तारेत अडकतो, विमान गचकन थांबतं, मागचं दार उघडतं आणि सुट्या भागांच्या खोक्यांबरोबर टपालाची पोती बाहेर पडतात. परत जाताना तेच विमान जहाजावरची पत्रं घेऊन जातं. हा परतीचा फेरा लक्षात ठेवा. शेवटी कामाला येईल.

२. शिक्का वाचायचा कसा

साध्या पोस्टाच्या शिक्क्याचे दोन भाग असतात. एक गोल, त्यात गावाचं नाव आणि तारीख. दुसरा, तिकिटावर पडणाऱ्या रेघा. रेघांचं काम एकच, तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. गोलाचं काम मात्र साक्ष देण्याचं : हे पत्र अमुक गावी, अमुक दिवशी आमच्या हाती आलं.

जहाजाच्या शिक्क्यात गावाच्या जागी जहाजाचं नाव येतं, आणि तिथेच गंमत होते. 'सातारा' असा शिक्का दिसला की पत्र कुठून निघालं हे संपलं. 'यू. एस. एस. लेक्झिंग्टन' असा शिक्का दिसला, तर प्रश्न नुसता सुरू होतो. लेक्झिंग्टन त्या दिवशी होती कुठे? सॅन डिएगोला, हवाईत, की दोहोंच्या मध्ये पाण्यावर? नाव आणि तारीख मिळते. ठिकाण आपण शोधायचं. या छंदाची सगळी चव त्या शोधात आहे.

काही शिक्के याबाबत दयाळू असतात. १९३०च्या दशकात अनेक अमेरिकी जहाजांकडे असा शिक्का होता, ज्यात रेघांच्या मधल्या जागेत अक्षरं बसवता यायची. कारकून हौशी असला तर तिथे बंदराचं नाव घालायचा, 'ग्वांतानामो बे, क्यूबा' वगैरे. नाहीतर 'नेव्ही डे'सारखा प्रसंग. डॉ. फ्रान्सिस लॉसी नावाच्या संग्राहकाने अशा शिक्क्यांची आकारावरून वर्गवारी लावली. वर्तुळ एकेरी की दुहेरी, रेघा किती, मध्ये मजकुराला जागा आहे की नाही, अशा खुणांवरून क्रमांक. संग्राहक आजही 'लॉसी तीन' म्हणतात, तो हाच मधे अक्षरं असलेला प्रकार.

दोन शब्द आणखी. संग्राहक ज्याला 'कव्हर' म्हणतो ते म्हणजे तिकीट, शिक्का, पत्ता, मागची-पुढची बाजू यांसकट अख्खं पाकीट. 'कॅशे' म्हणजे पाकिटाच्या डाव्या बाजूचं चित्र किंवा रबरी ठसा : जहाज, नांगर, विषुववृत्त ओलांडल्याची मजा म्हणून दाढीवाला समुद्रदेव. कॅशे पोस्टाचा नसतो, तो कुणीही छापू शकतो. म्हणून तो दागिना आहे, साक्ष नाही. लहानपणी आम्ही पाकिटाचा कोपरा कापून वाटीभर पाण्यात तिकीट भिजत घालायचो, सुटलं की वर्तमानपत्रावर वाळवायचो. तिकीट वाचायचं. बाकीचं चुलीत. असं किती काय जाळलं असेल, हा हिशेब मी करत नाही.

३. तीन सेंटांचा छंद

जहाजी शिक्के जमवायचं वेड अमेरिकेत महामंदीच्या काळात पसरलं. कारण साधं, ते स्वस्त होतं. १९३२ पासून साध्या पत्राला तीन सेंट पडत. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट मोठ्या पाकिटात घालायचं, जहाजाच्या टपाल-कारकुनाला 'कृपया अमुक दिवशीचा शिक्का मारून परत पाठवावं' अशी चिठ्ठी जोडायची आणि वाट बघायची. १९३२ सालीच 'युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी' स्थापन झाली. ती अजून चालू आहे. त्या वेळी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट पूर्वी नौदल खात्यात होते आणि स्वतः तिकिटांचे कट्टर संग्राहक. छंदाला याहून मोठा यजमान कुठला?

मग प्रसंग शोधणं आलं. नव्या जहाजाचा कणा टाकला, पाकीट. पाण्यात सोडलं, पाकीट. नौदलात दाखल झालं, पोस्टाचा पहिला दिवस, शेवटचा दिवस, पाकीटच पाकीट. इथे नवखा माणूस एका ठिकाणी अडखळतो. 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका ३ ऑक्टोबर १९३६ रोजी पाण्यात उतरली, पण त्या दिवसाच्या पाकिटांवर शिक्का 'न्यूपोर्ट न्यूज, व्हर्जिनिया' या गोदीच्या गावचा. फसवणूक झाली का? नाही. जलावतरण म्हणजे जहाजाचं बारसं : नाव ठेवलं जातं, पण बाळ अजून पाळण्यात. नौदलात दाखल होणं म्हणजे शाळेत नाव घालणं. एंटरप्राइज १२ मे १९३८ रोजी दाखल झाली. स्वतःचं पोस्ट त्यानंतरचं. तेव्हा १९३६ सालच्या पाकिटावर जहाजाचाच शिक्का कुणी दाखवला, तर ते पाकीट तिथल्या तिथे परत करावं.

आवडीनिवडीचंही बोलून टाकतो. रंगीत कॅशेवाली पाकिटं सुंदर असतात, माझ्याकडेही आहेत. पण ती पत्रं नव्हेत. आत एक कोरा पुठ्ठा असतो, तोही पाकीट वाकू नये म्हणून. एखाद्या खलाशाने घाईत बहिणीला लिहिलेलं, कडा चुरगळलेली, शिक्का निम्मा उमटलेला, असं पाकीट माझ्या लेखी अशा दहांच्या बरोबरीचं. बाजारभाव बरेचदा उलट सांगतो. सांगू दे.

४. मुका शिक्का

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्यातल्या तिन्ही विमानवाहू नौका त्या सकाळी बंदरात नव्हत्या. एंटरप्राइज वेक बेटावर विमानं पोचवून परतत होती, लेक्झिंग्टन मिडवेच्या वाटेवर होती, साराटोगा सॅन डिएगोला. जहाज कुठे आहे ही माहिती किती मोलाची, हे एका सकाळीत कळलं.

शिक्क्यातून जहाजांची नावं गेली. उरलं फक्त 'यू. एस. नेव्ही' आणि तारीख. काही कारकुनांनी जुन्याच शिक्क्यातलं नाव छिनून काढलं. वर्तुळात तेवढी जागा पडक्या दातासारखी रिकामी दिसते. शेजारी सेन्सॉरचा ठसा आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं. १९४२ पासून सैनिकांना टपाल फुकट झालं, त्यामुळे तिकिटाच्या जागी हाताने लिहिलेलं 'फ्री'. चित्र नाही, तिकीट नाही, नाव नाही. नवख्याच्या दृष्टीने रद्दी.

पण पाकिटाला आणखी एक कोपरा असतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जहाजाचं नाव लिहिलेलं असे, 'मार्फत फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को'. शिक्का गप्प, कोपरा बोलका. मग शत्रूला कळलंच की, असं कुणी म्हणेल. काय कळलं? अमुक नावाचं जहाज आहे, एवढंच. ते त्याला आधीच ठाऊक. पत्र निघालं तेव्हा जहाज कुठे होतं हे या दोन्हींतून कळत नाही. संग्राहकाला मात्र, युद्ध संपून जहाजांच्या दैनंदिन नोंदी खुल्या झाल्यामुळे, आता कळू शकतं. कोपऱ्यातलं नाव घ्यायचं, शिक्क्यातली तारीख घ्यायची आणि नोंदीत त्या दिवशीचं पान उघडायचं.

५. नाव एक, जहाजं दोन

आता एक उदाहरण सोडवू. समजा, तुमच्या हाती एक पाकीट आलं. शिक्क्यात स्पष्ट 'यू. एस. एस. हॉर्नेट' आणि तारीख मार्च १९४३. घ्यावं का?

पहिली पायरी. या नावाच्या विमानवाहू नौका दोन झाल्या. पहिली, क्रमांक ८, २० ऑक्टोबर १९४१ रोजी दाखल झाली. १८ एप्रिल १९४२ रोजी हिच्याच डेकवरून डूलिटल यांची सोळा बॉम्बर विमानं जपानवर गेली. ऑक्टोबर १९४२च्या अखेरीस सांताक्रूझ बेटांजवळच्या लढाईत ती बुडाली. वर्षभराचं आयुष्य. दुसरी पायरी. गोदीत बांधत असलेल्या 'किअरसार्ज' या नौकेला बुडालेल्या जहाजाचं नाव दिलं गेलं. ती नवी हॉर्नेट, क्रमांक १२, २९ नोव्हेंबर १९४३ रोजी दाखल झाली. मार्च १९४३ मध्ये या नावाचं पोस्ट समुद्रावर नव्हतंच. तिसरी पायरी. शिवाय युद्ध चालू होतं, शिक्क्यात नाव यायचं कारण नव्हतं. दोन बाजूंनी खोटं. पाकीट ठेवून घरी जावं.

या दुसऱ्या हॉर्नेटच्या नशिबी पुढे वेगळंच काम आलं. २४ जुलै १९६९ रोजी चंद्रावरून परतलेलं अपोलो ११चं यान पॅसिफिकमध्ये उतरलं, तेव्हा तिन्ही अंतराळवीरांना उचलून आणायला हीच नौका गेली होती. डेकवर राष्ट्राध्यक्ष निक्सन हजर. त्या तारखेचा हॉर्नेटचा शिक्का असलेलं पाकीट हा या छंदातला कदाचित सर्वांत लोकप्रिय तुकडा. नोव्हेंबरात अपोलो १२साठीही हॉर्नेटच होती, त्यामुळे तारीख नीट बघावी. विकणारे नेहमी बघतातच असं नाही. ही नौका आज कॅलिफोर्नियात अलामेडाला संग्रहालय म्हणून उभी आहे.

आपल्या 'विक्रांत'चा गुंता असाच. पहिली विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला दाखल झाली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त. दुसरी २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला दाखल झाली. मधल्या काळात पहिली विक्रांत मुंबईत संग्रहालय होती, पण तेव्हा तिच्या नावामागे 'आय. एन. एस.' नव्हतं, 'आय. एम. एस.' होतं, 'एम' म्युझियमचा. एका अक्षरावरून पाकिटाचं दशक ठरतं.

विराटचं बरोबर उलट : जहाज एक, नावं दोन. १९५९ ते १९८४ ती ब्रिटनची 'हर्मिस' होती, १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचं प्रमुख जहाज. १२ मे १९८७ पासून 'विराट', ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निरोप. म्हणजे विराटच्या संग्रहात इंग्लंडच्या राणीचं तिकीट बसू शकतं. विक्रांतच्या बाबतीत हे जमत नाही. तिचं ब्रिटिश नाव 'हर्क्युलिस' होतं खरं, पण अपुऱ्या अवस्थेत पडून राहिलेली ती नौका ब्रिटिश नौदलात कधी दाखलच झाली नाही. बारसं झालं, शाळा झाली नाही. हर्क्युलिसवरून निघालेलं खलाशाचं पत्र कुणी तुम्हाला दाखवलं, तर त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

६. तारीख खरं बोलते का?

बहुतेक वेळा. पण तारीख शिक्का मारल्याची असते, पत्र लिहिल्याची नव्हे. विमान चार दिवस आलं नाही तर पत्र जहाजातच पडून राहतं आणि शिक्क्याची तारीख पुढच्या मुक्कामाला पत्र पोचायच्या कितीतरी आधीची असते. उलट मोठ्या प्रसंगी बाहेरून आलेल्या पाकिटांचे गठ्ठे एवढे साचतात की एका दिवसात शिक्के मारून होणं माणसाच्या हातून शक्य नाही. मग शिक्क्यातली तारीख तशीच ठेवून काम पुढे चालतं. ही लबाडी नाही, टपालखात्याची जुनी रीत आहे. मात्र 'याच क्षणी, याच डेकवर' असं विकणारा सांगतो, तेव्हा मनातल्या मनात थोडं पाणी घालून ऐकावं.

खरी लबाडी वेगळी. ७ डिसेंबर १९४१ या तारखेची बनावट पाकिटं तयार झालेली आहेत. ओळखायला भिंग लागतंच असं नाही. पाकिटावरचं तिकीट त्या तारखेनंतर निघालेलं तर नाही? पत्त्यात पिन कोड असेल, तर तो त्या काळी होता का? अमेरिकेत झिप कोड १९६३ साली आला, आपल्याकडे पिन कोड १९७२ साली. खोटं करणारा शिक्क्यावर मेहनत घेतो आणि पत्त्यात सापडतो.

७. सुरुवात करायची तर

भारतात ही वाट थोडी निराळी आहे. आपल्या जहाजाच्या पोस्टाचा नावानिशी शिक्का मिळणं हा नियम नव्हे. त्याऐवजी जहाज दाखल होताना, निवृत्त होताना किंवा ताफ्याच्या संचलनाला विशेष पाकिटं निघतात. लष्करी टपालसेवेच्या पाकिटांवर '५६ ए. पी. ओ.' असं दिसतं. ते गाव नकाशात शोधू नका, सैन्याचा टपाली पत्ता आहे. १९८४च्या राष्ट्रपतींच्या नौदल संचलनाला चार तिकिटांचा जोडसंच निघाला, त्यातल्या एकावर विमानवाहू नौका आहे. मुंबईच्या जी.पी.ओ.तल्या तिकीट-संग्राहकांच्या खिडकीपासून आणि जुन्या पाकिटांच्या खोक्यांपासून सुरुवात होते. अमेरिकी जहाजाला लिहायचं तर परतीच्या पाकिटावर तिकीट अमेरिकेचंच हवं. न्यू जर्सीला भाचा असला तर त्याला कामाला लावा.

एकच जहाज धरा. सगळी जहाजं जमवू पाहणारा दोन वर्षांत दमतो.

आणि पावसाळा सांभाळा. मुंबई-कोकणातली हवा जुन्या कागदाची वैरीण. पाकिटाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. स्वच्छ पारदर्शक जॅकेटात उभी ठेवा, डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका आणि श्रावण सरला की एकदा सगळी सावलीत काढून बघा.

८. डिसेंबर १९७१ : दोन पाकिटं

परतीचा फेरा लक्षात ठेवायला सांगितलं होतं. समजा, दोन पाकिटं शेजारी ठेवलीत. पहिल्यावर शिक्का 'यू. एस. एस. एंटरप्राइज', तारीख १६ डिसेंबर १९७१. ही दुसरी एंटरप्राइज, १९६१ साली दाखल झालेली, अणुशक्तीवर चालणारी. शिक्क्यात ठिकाण नाही. व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळचं काम सोडून ही नौका मलाक्काच्या सामुद्रधुनीतून निघाली आणि १५ डिसेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात शिरली. म्हणजे ज्या दिवशी ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, त्या दिवशी त्या खिडकीमागचा कारकून आपल्या समुद्रात बसून शिक्के मारत असणार. लिहिणारा कदाचित 'ख्रिसमसला घरी नाही' एवढंच लिहून मोकळा झाला असेल, आणि पाकीट पुढच्या विमानाची वाट बघत पोत्यात पडलं असेल.

दुसरं पाकीट विक्रांतवरच्या नौसैनिकाचं. विक्रांतची सी हॉक विमानं ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगाववर जात होती. त्याच्या शिक्क्यात जहाजाचं नाव नाही. नाव असलंच तर मागच्या बाजूला, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात, शाईच्या पेनने, आणि खाली 'मार्फत फ्लीट मेल ऑफिस'. अशी पाकिटं कोकणातल्या, देशावरच्या घरांतून ट्रंकेच्या तळाशी अजून असतील. ती हाती लागली, तर आधी उलटी करून बघा.